स्वयंपाकघरातली फडकी आणि नॅपकिन: सारखे विचारले जाणारे प्रश्न

फडक्यांवर इतके प्रश्न येतील असं खरंच वाटलं नव्हतं. पण तेच ते फिरून फिरून येतात, म्हणून आता एकदाच सगळे एका ठिकाणी लिहून टाकतेय. साधे आधी, किचकट नंतर. आधी शब्दांचं ठरवून घेऊ: ओटा पुसायचं ते ओट्याचं फडकं, धुतलेली भांडी पुसायचं ते भांड्यांचं, हात पुसायचा तो नॅपकिन आणि गरम पातेलं उचलायचं ते मसोतं. चौघांचे नियम वेगवेगळे आहेत आणि निम्मे घोळ चौघांना एकच समजल्यामुळे होतात.

१. फडकं किती दिवसांनी धुवायचं? मी आठवड्यातून एकदा धुते, चालेल ना?

नाही चालणार. ओट्याचं फडकं रोज बदलायचं, हात पुसायचा नॅपकिनही रोज. भांड्यांचं फडकं फक्त नीट धुतलेल्या भांड्यांनाच लागत असेल आणि मधल्या वेळात खडखडीत वाळत असेल तर दोन दिवस चालतं. मसोतं कोरडंच वापरायचं असतं त्यामुळे ते आठवड्याने धुतलं तरी हरकत नाही, पण त्याने एकदा जरी ओटा पुसला की ते त्या दिवशी धुण्यातच. आणि काही प्रसंग असे असतात की पाच मिनिटांपूर्वी काढलेलं फडकंही लगेच बाजूला टाकायचं, ते १८ आणि १९ मध्ये आहे.

२. एवढं काय असतं हो त्या फडक्यात? साबणाच्या हातानेच तर धरतो आपण

खरकट्याचे बारीक कण असतात, ओल असते आणि घरातली ऊब असते. जंतूंना याहून जास्त काही लागत नाही. ई. कोलायसारखा जीवाणू अगदी मनासारखी परिस्थिती मिळाली तर साधारण २० मिनिटांत एकाचे दोन होतो. म्हणजे रात्री झोपताना एक होता असं धरलं तर ८ तासांत २४ वेळा दुप्पट, हिशेब केला तर १ कोटी ६७ लाखांच्या वर जातो. प्रत्यक्षात फडक्यावर एवढी चैन नसते, खाणं संपतं, ओल कमी होते, पण आकडा कुठे पळतो ते कळावं म्हणून सांगितलं.

२०१८ साली मॉरिशस विद्यापीठातल्या संशोधकांनी महिनाभर वापरलेले १०० किचन टॉवेल तपासले होते, त्यातल्या ४९ वर जीवाणू वाढले. एकच टॉवेल अनेक कामांना वापरला होता तिथे संख्या जास्त, आणि ओलसर टॉवेलवर कोरड्यापेक्षा जास्त. २०१४ मध्ये ॲरिझोना विद्यापीठाच्या मंडळींनी अमेरिका-कॅनडातल्या पाच शहरांमधले ८२ टॉवेल पाहिले, तर ८९ टक्क्यांवर कोलिफॉर्म (ई. कोलाय ज्यात मोडतो तो जीवाणूंचा गट) आणि साधारण २६ टक्क्यांवर ई. कोलाय सापडले, आणि टॉवेल किती वेळा धुतला जातो याचा ई. कोलायच्या संख्येशी संबंध दिसला.

घाबरून जायचं कारण नाही. सापडलेला प्रत्येक जंतू आजारी पाडतोच असं नसतं. पण घरात तान्हं बाळ, म्हातारं माणूस, गरोदर बाई किंवा आजाराने प्रतिकारशक्ती कमी झालेलं कुणी असेल तर हे हसण्यावारी न्यायचं नाही.

३. मग घरात फडकी असावीत तरी किती?

धुणं किती दिवसांनी निघतं त्यावर आहे. रोजची साधारण तीन लागतात, दोन-तीन दिवसांनी धुणं निघत असेल तर दहा-बारा पुरतात. जाडजूड महागातली चार घेण्यापेक्षा पातळ सुती बारा घ्या, पातळ फडकं लवकर वाळतं, आणि ही सगळी लढाई लवकर वाळण्याचीच आहे.

४. एकच फडकं सगळ्याला वापरलं तर काय होतं? मी मधे मधे खळबळून घेते

नळाखाली खळबळून कण जातात, जंतू बरेचसे तसेच राहतात. होतं काय की ओट्यावर काहीतरी सांडलेलं पुसलं, त्याच फडक्याला हात पुसले, त्याच हाताने धुतलेला पेला पुसला, म्हणजे ओट्यावरची घाण आपण स्वतःच्या हाताने पेल्यावर नेऊन लावली. पुसतोय असं वाटतं, खरं तर सारवतोय.

रंग ठरवून घेतलेत तर सोपं जातं (कुठलेही घ्या, पण घरातल्या सगळ्यांना माहीत पाहिजेत), पण माझा अनुभव असा की रंगापेक्षा जागा जास्त उपयोगी पडते. नॅपकिन बेसिनपाशी, भांड्यांचं फडकं भांड्यांच्या रॅकपाशी, ओट्याचं तिसरीकडेच. माणूस रंग बघत नाही, हाताला जे पहिलं लागतं ते उचलतो. आणि खांद्यावर टाकलेलं फडकं हा तर वेगळाच प्रकार, ते दिवसभर मान, केस, घाम, ओटा आणि ताटं सगळीकडे फिरून येतं.

५. धुऊन वाळवून ठेवलं तरी ओलं झालं की परत कुबट वास येतो, असं का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हा. वास येतो म्हणजे धुण्यात जंतू मेलेले नाहीत, नुसते झोपलेत. पाणी मिळालं की उठतात.

यातला एक गुन्हेगार नावानिशी सापडलाय. २०१२ साली जपानी संशोधकांनी दाखवलं की धुतलेल्या कपड्यांच्या त्या ओलसर कुबट वासाला बऱ्याच अंशी मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा जीवाणू जबाबदार असतो. कापडात राहिलेला घाम-तेलाचा अंश खाऊन तो एक वासाचं आम्ल तयार करतो, आणि कोरडं पडणं किंवा ऊन लागणं हे त्याला इतर बऱ्याच जीवाणूंपेक्षा जास्त सहन होतं. म्हणून नुसतं उन्हात घालून हा वास जात नाही आणि वासाचं लिक्विड ओतून तर मुळीच जात नाही, फक्त कुबट अधिक गुलाब असा तिसराच वास येतो.

करायचं काय, तर फडकं ६० अंशांच्या आसपासच्या पाण्यात ऑक्सिजन ब्लीच म्हणजे सोडियम परकार्बोनेट घालून तासभर भिजवायचं, मग नेहमीसारखं धुवायचं, आणि धुऊन झाल्या झाल्या लगेच पसरून वाळत घालायचं. "लगेच" हा शब्द महत्त्वाचा आहे, मशीन संपल्यावर तीन तास आतच पडलं तर केलेलं सगळं वाया. एवढं करूनही महिनाभरात वास परत आला तर मशीन तपासा (१४), नाहीतर फडक्याला रामराम करा (२१).

६. गरम पाण्यात धुवा म्हणता, पण गरम म्हणजे किती?

हाताला सोसतं ते गरम नाही. हात जेमतेम ४५ अंशांपर्यंत तग धरतो आणि जंतूंना त्याचं फारसं काही वाटत नाही. ब्रिटनची आरोग्यसेवा टॉवेल आणि घरगुती कापडांसाठी ६० अंशांवर, किंवा ब्लीच असलेलं डिटर्जंट घालून ४० अंशांवर धुवायला सांगते, तोच नियम धरा. मशीनचा इको प्रोग्राम विजेची बचत करताना बऱ्याचदा पाणी तेवढं तापवत नाही, तेव्हा फडक्यांसाठी ६० लिहिलेला साधा कॉटन प्रोग्राम लावा.

मशीनला हीटर नसेल तर बादलीचा हिशेब सोपाय: जितकं उकळतं पाणी तितकंच नळाचं पाणी. १०० आणि २५ यांच्या मध्यावर म्हणजे ६० च्या थोडं वरच येतं. फडकी आधी साध्या पाण्यात धुऊन पिळून मग यात टाका, वर झाकण ठेवा कारण ते भराभर निवतं, आणि हात न घालता काठीने हलवा.

७. उकळून काढली तर? आमच्याकडे आधीपासून तसंच करतात

सुती किंवा लिननची असतील तर उत्तमच. आधी धुऊन मळ काढायचा, मग पाणी खळखळायला लागल्यावर १० मिनिटं. मळकी तशीच उकळली तर मळ शिजून धाग्यात बसतो. काही जीवाणूंचे बीजाणू उकळत्या पाण्यातही टिकतात, पण रोजच्या फडक्यासाठी एवढं डोक्यात घ्यायची गरज नाही.

दोन गोष्टी सांभाळा. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात धुण्याचा सोडा टाकून उकळू नका, सोडा ॲल्युमिनियम खातो, पातेलं काळं पडतं. स्टील घ्या. आणि समोरून हलू नका. मी एकदा फडकी उकळत ठेवून फोनवर बोलत बसले, पाणी कधी आटलं कळलंच नाही, धूर आल्यावर धावले, पातेलं आणि सहा फडकी दोन्ही कचऱ्यात. तेव्हापासून उकळणं बंद, भिजवणं चालू.

८. खायचा सोडा की धुण्याचा सोडा? आणि सोड्यात व्हिनेगर घातलं की डबल सफाई होते ना?

नाही होत. फेस छान येतो पण तो फेस म्हणजे आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारतायत त्याचा, शेवटी उरतं ते पाणी आणि थोडं मीठ (सोडियम ॲसिटेट), ज्याने काहीही साफ होत नाही. वापरायचं तर वेगवेगळं.

खायचा सोडा फार सौम्य, पीएच (आम्ल-अल्कली मोजायचं माप, ७ च्या वर अल्कली) जेमतेम ८.३, वास थोडा कमी करतो इतकंच. धुण्याचा सोडा पीएच ११ च्या आसपास, तेल-तूप सोडवायला तोच पाहिजे, पण हातमोजे घालून. व्हिनेगरचं काम तिसरंच, जड पाण्याचे क्षार कापडात बसून फडकं कडक आणि राखाडी झालं असेल तर शेवटच्या पाण्यात थोडं व्हिनेगर घातल्यावर ते सुटतात. रोज नको, मशीनच्या रबराला ते बरं नाही. आणि जंतू मारण्यासाठी व्हिनेगरवर विसंबू नका, त्याला जंतुनाशक समजणं हा गैरसमज आहे.

९. ब्लीच किती घालायचं? आणि भीती वाटते

भीती वाटतेय ते बरंच आहे. ब्लीच दोन जातींचे. ऑक्सिजन ब्लीच म्हणजे वरचं परकार्बोनेट, पावडर असते, गरम पाण्यात त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा सुटतो, रंगीत सुती फडक्यांनाही बहुतेक वेळा चालतं, गार पाण्यात मात्र काम फार हळू. बऱ्याच डिटर्जंट पावडरींमध्ये ते असतंच, लिक्विडमध्ये सहसा नसतं, म्हणून पांढऱ्या फडक्यांना पावडर बरी.

दुसरं क्लोरीन ब्लीच, सोडियम हायपोक्लोराइट, ते द्रव असतं. साधारण ५ टक्क्यांचं असेल तर १ लिटर साध्या पाण्यात २० मिली, त्यात आधी धुतलेलं फडकं १० मिनिटं, मग भरपूर पाण्यात आघळायचं. बाटलीवर वेगळं प्रमाण लिहिलं असेल तर बाटलीचं ऐका. "आधी धुतलेलं" कारण मळ आणि खरकटं ब्लीचला खाऊन टाकतं, जंतूंसाठी काही उरतच नाही.

आणि हे दोनदा वाचा: क्लोरीन ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू किंवा टॉयलेट साफ करायचं ॲसिड कधीही मिसळायचं नाही, क्लोरीन वायू सुटतो. अमोनिया असलेलं क्लीनरही नाही, त्यातूनही विषारी वायू येतो. गरम पाण्यात नाही. बंद खोलीत नाही.

१०. फडकं मेणचट झालंय, कितीही साबण लावा, ओशटपणा जात नाही

अजून साबण लावू नका, तिथेच चुकतं. तेल गार पाण्यात हलत नाही, आणि जास्तीचा साबण त्या तेलाला धरून धाग्यातच बसतो, त्यावर धूळ चिकटते, तो थर म्हणजे तुमचा मेणचटपणा. जुन्या तेलाचा तो खवट वासही तिथूनच.

एक बादली गरम पाणी (६ प्रमाणे), दोन-तीन मोठे चमचे धुण्याचा सोडा, थोडंसं भांडी घासायचं लिक्विड, फडकी रात्रभर. सकाळी पाणी बघा, पिवळट-करडं झालेलं असतं, बघवत नाही. मग नेहमीसारखं धुणं. फार तेलकट असेल तर दोनदा. आणि मुळात सांडलेलं तेल फडक्याने पुसूच नका, आधी कागदाने टिपा. तेलकट फडक्यांचा एक धोका असाही आहे जो कुणाला माहीतच नसतो, तो २० मध्ये वाचा, प्लीज.

११. डाग गेलेच नाहीत, म्हणजे फडकं अस्वच्छ का?

नाही. डाग म्हणजे रंग, जंतू वेगळे. चहाचा डाग पडलेलं पण ६० अंशांवर धुऊन वाळवलेलं फडकं स्वच्छ, आणि पांढरंशुभ्र पण बेसिनच्या कडेला ओलं पडलेलं फडकं घाणेरडं. चहा-कॉफीचे डाग परकार्बोनेटने जातात. हळदीचा रंग उन्हाने उडतो, ओलं फडकं कडक उन्हात दोन दिवस ठेवून बघा.

१२. काळे बारीक ठिपके पडलेत, घासूनही जात नाहीत

ती बुरशी. फडकं बराच वेळ ओलं राहिलंय, बहुतेक धुण्याच्या बादलीत किंवा कपाटात अर्धवट वाळलेलं घडी घालून. पांढरं असेल तर ब्लीचने (९) डाग फिका होईल, पण ठिपके धाग्यात खोलवर गेले असतील तर भांड्यांसाठी ते परत वापरू नका. धुण्याच्या टोपलीत ओलं फडकं तसंच टाकायची सवय असेल तर आधी ती मोडा, टोपलीच्या काठावर वाळू द्या मग आत टाका.

१३. नवीन नॅपकिन घेतले, पाणी शोषतच नाहीत, नुसतं इकडून तिकडे ढकलतात

नवीन कापडावर कारखान्यात लावलेलं फिनिश असतं. वापरण्याआधी गरम पाण्यात दोन-तीनदा धुवा, सुटेल. जुने झालेले नॅपकिन शोषत नसतील तर संशय फॅब्रिक सॉफ्टनरवर. सॉफ्टनर धाग्यावर मऊ, तेलकटसर थर बसवतो, हाताला छान लागतं आणि पाणी आत शिरत नाही. फडक्यांना सॉफ्टनर लावायचाच नाही, कधीच.

मायक्रोफायबरवाल्यांसाठी इथेच सांगते, कारण त्याचेही प्रश्न येतात. ते प्लास्टिकचे धागे असतात, बहुतेक पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइड. सॉफ्टनर नाही, क्लोरीन ब्लीच नाही, उकळणं नाही, कडक इस्त्री नाही, सुती टॉवेलांबरोबर धुणं नाही (त्यांचा कापूस याला चिकटून बसतो). लेबलवर ६० असेल तर ६० वर धुवा. इतके नियम पाळायचे नसतील तर सुतीच बरं, असं माझं मत.

१४. मशीनमध्ये बाकीच्या कपड्यांसोबत टाकली तर चालतात?

चादरी, टॉवेल यांच्यासोबत ६० अंशांवर, चालतात. आतले कपडे, मोजे, पायपुसणी, लादी पुसायचं फडकं यांच्यासोबत नको. मशीन ठासून भरू नका, फडकी एकमेकांना घासली गेली पाहिजेत.

मशीनलाच वास येत असेल तर त्यातून फडकं स्वच्छ निघणार कुठून? कायम गार पाण्यात धुणाऱ्यांच्या मशीनमध्ये, विशेषतः दाराच्या रबराच्या घडीत, चिकट थर साचतो. महिन्यातून एकदा रिकामं मशीन सगळ्यात गरम प्रोग्रामवर चालवा, रबर पुसा, साबणाचा कप्पा काढून धुवा आणि धुणं झाल्यावर दार उघडं ठेवा.

१५. वाळवायचं कसं? हवा दमट असली की दोन दोन दिवस ओलंच राहतं

मला विचाराल तर अख्ख्या पानावरचा मुख्य प्रश्न हाच. कुठला साबण, कुठलं पाणी यावर लोक तासन् तास बोलतात आणि मग ओलं फडकं नळावर बोळा करून ठेवतात. बोळ्याच्या आतला भाग दिवसभर वाळत नाही. घडी घालून ओव्हनच्या दांडीवर टाकलं तरी तेच, दोन पदरांच्या मधे ओल कोंडते. पूर्ण उलगडून, एका पदरात, दोन्ही बाजूंनी हवा लागेल असं टांगायचं. दिवसा वापरातलं फडकंसुद्धा.

ऊन असेल तर उत्तम, ऊन वाळवतंही आणि त्यातली अतिनील किरणं वरवरचे जंतू थोडेफार मारतातही, पण उन्हाने धुण्याचं काम होत नाही. ऊन नसेल तर मशीनमध्ये दोनदा स्पिन करा, मग पंख्याखाली, फडक्यांमध्ये चार बोटं जागा ठेवून. तरीही दमट राहिलं तर सुती फडक्यावर कडक इस्त्री फिरवा, वाफ निघून जाते आणि इस्त्रीची उष्णता जंतूंनाही पुरते. कपाटात ठेवण्याआधी गालाला लावून बघा, हाताला कोरडं वाटणारं फडकं गालाला गार लागलं तर ते अजून ओलं आहे. आणि रात्री झोपताना ओट्याचं फडकं धुण्यात, सकाळी नवीन.

१६. मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटं ठेवलं की निर्जंतुक होतं म्हणे?

मूळ गोष्ट खरी आहे. २००७ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधकांनी ओले स्पंज मायक्रोवेव्हमध्ये पूर्ण पॉवरवर दोन मिनिटं ठेवले तर ९९ टक्क्यांहून जास्त जीवाणू मेले. पण "ओले" हा शब्द गाळून ही बातमी सगळीकडे फिरली आणि लोकांनी कोरडे स्पंज घालून आग लावून घेतली. कोरडं फडकं, जरीचा किंवा धातूचा धागा असलेलं फडकं, ब्लीच लागलेलं फडकं अजिबात घालू नका. आणि बाहेर काढताना ते उकळतं असतं हे विसरू नका.

स्पंजचं म्हणाल तर, जर्मनीतल्या एका विद्यापीठाने २०१७ मध्ये १४ वापरलेले स्पंज तपासले, एका घन सेंटिमीटरमध्ये काही ठिकाणी ५,००० कोटींच्या वर जीवाणू निघाले, आणि गंमत म्हणजे नियमित "निर्जंतुक" केलेल्या स्पंजात संख्या कमी नव्हतीच, उलट मोराक्सेलाचं (तेच ते, ५ मधलं) प्रमाण जास्त होतं. त्यांचा सल्ला, स्पंज आठवड्याला बदला. पातळ फडकं स्पंजपेक्षा बरं ते यासाठीच, ते निदान वाळतं तरी.

१७. भांडी फडक्याने पुसावीत की आपोआप वाळू द्यावीत?

जागा असेल तर वाळू द्यावीत. अमेरिकेच्या फूड कोडमध्ये व्यावसायिक स्वयंपाकघरांना भांडी हवेवरच वाळवायला सांगितलंय, फडक्याने पुसून नाही. घरी काचेच्या पेल्यांवर पाण्याचे डाग पडतात, लोखंडी भांडी गंजतात, तिथे पुसायला हरकत नाही, फक्त फडकं त्या दिवशीचं हवं. काचेसाठी लिननचं घ्या, तंतू सोडत नाही. आणि ताट एकमेकांवर ओलंच उपडं घालणं म्हणजे वाळवणं नव्हे.

१८. कच्च्या मांसाचं किंवा अंड्याचं पाणी सांडलं तर?

कागदाने टिपा, कागद कचऱ्यात, मग साबणाचं पाणी, मग जंतुनाशक, मग हात. फडकं वापरलंच असेल तर ते परत ओट्यावर ठेवायचं नाही, नळाखाली खळबळायचंही नाही (शिंतोडे बेसिनभर उडतात), सरळ गरम धुण्यात. कच्च्या कोंबडीवर कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जीवाणू असू शकतो, त्याचे काहीशे जंतू पोटात गेले तरी माणूस आजारी पडू शकतो. कटिंग बोर्ड त्याच फडक्याने पुसून मग त्यावर सलाड चिरणं, ही चूक सगळ्यात घातक.

१९. घरात कुणाला उलट्या-जुलाब होतायत, तेव्हा फडक्यांचं काय करू?

तेवढे दिवस सगळ्यांचा मिळून एक नॅपकिन बंद. प्रत्येकाला वेगळा किंवा सरळ कागदी टॉवेल. नोरोव्हायरस असेल तर तो फार थोड्या विषाणूंनी पसरतो आणि हँड सॅनिटायझरला तो फारसा दाद देत नाही, साबण-पाण्यानेच हात धुवायचे. घाण लागलेलं कापड हातमोजे घालून उचला, झटकू नका, वेगळं धुवा, सगळ्यात गरम आणि सगळ्यात लांब प्रोग्रामवर, ड्रायर असेल तर तोही पूर्ण गरम. उलटी ज्या फडक्याने पुसली ते वाचवत बसू नका. माणूस बरा झाल्यावरही दोन दिवस हेच चालू ठेवा. आणि ज्याला होतंय त्याने स्वयंपाक करायचा नाही, हे फडक्यांपेक्षा महत्त्वाचं.

२०. ड्रायरमधून काढलेली फडकी आपोआप पेटतात हे खरंय का? की काहीतरीच?

खरंय. खाण्याच्या तेलाचा अंश धाग्यात राहिला असेल तर तो हवेतल्या ऑक्सिजनशी हळूहळू जुळतो आणि त्यात उष्णता निघते. एकटं फडकं पसरलेलं असेल तर ती उडून जाते. पण ड्रायरमधून गरमागरम काढलेल्या फडक्यांचा ढीग रचला तर उष्णता आतच कोंडते, वाढत जाते, आणि काही तासांनी ढिगाच्या पोटातून धूर येतो. हॉटेलं आणि लाँड्र्यांमध्ये अशा आगी लागलेल्या आहेत, रात्री सगळे घरी गेल्यावर.

म्हणून तेलकट फडकी आधी १० प्रमाणे नीट तेल काढून धुवा, ड्रायरचा शेवटचा गार होण्याचा टप्पा मधेच थांबवू नका, आणि काढल्यावर पसरून गार झाल्यावरच घड्या घाला. तेलाचा वास येतोय असं फडकं ड्रायरमध्ये घालूच नका, दोरीवर टाका.

लाकडी पाट किंवा कटिंग बोर्डला जवसाचं तेल लावता का? ते फडकं तर याहून वाईट, त्याला ड्रायरही लागत नाही, बोळा करून टाकलं तरी पुरे. पाण्यात पूर्ण भिजवून झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवा किंवा बाहेर एका पदरात पसरून कडक वाळू द्या, मगच फेका.

२१. फडकं टाकून कधी द्यायचं? मला जीवावर येतं

गरम धुऊनही वास परत येतो, हाताला कायम चिकट लागतं, पाणी शोषत नाही, बुरशीचे ठिपके आहेत किंवा धागे सुटून जेवणात यायला लागलेत, यातलं काहीही एक झालं की स्वयंपाकघरातली त्याची नोकरी संपली. फेकवत नसेल तर धुऊन गाडी, खिडक्या, लादी पुसायला घ्या. पण मग ते परत ओट्यावर येता कामा नये, आणि ते येतंच, घाईत कुणीतरी उचलतंच, कारण धुतल्यावर सगळी सारखीच दिसतात. मी निवृत्त झालेल्या फडक्याचा एक कोपरा कात्रीने कापून टाकते. कोपरा नसलेलं फडकं ओट्यावर दिसलं की आमच्याकडे लहान मुलंसुद्धा ओरडतात.